तोड आणि राखण

बांबू तोडायला आलेला माणूस आधी बराच वेळ नुसता बघत राहतो. पाचगावच्या जंगलात ज्या काकांच्या मागे मी उभा होतो त्यांनी रांजीभोवती, म्हणजे बांबूच्या बेटाभोवती, एक फेरी मारली, वर शेंड्यांकडे पाहिलं, मग उकिडवं बसून बुंध्यांकडे. कोयता अजून खांद्यावरच. एका बांबूच्या पेरांवर खाकी कोष चिकटून होते. त्याला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. ‘हा मागच्या पावसाळ्यातला. लेकरू आहे.’ शेजारचा हिरवागार, गुळगुळीत. तोही राहू दिला. मग आतल्या बाजूचा, रंग उतरलेला, अंगावर पांढुरके डाग पडलेला एक निवडला आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या किंचित वर, दोन घावांत उतरवला. पेर सोडून वर घाव घातला तर उरलेल्या नळीत पावसाचं पाणी साठतं, बुडखा कुजतो आणि ती कूज खाली कंदापर्यंत जाते.

रांजीचा स्वभाव असा की ती मधून बाहेर वाढते. दर पावसाळ्यात नवे कोंब कडेला येतात आणि जुने बांबू मधोमध अडकून पडतात. घाईत असलेला किंवा नगावर मजुरी घेणारा माणूस काय करील? कडेचे तोडील, कारण ते हाताशी असतात. म्हणजे नेमकी लेकरं जातात आणि म्हातारे आत वाळत राहतात. दोन-चार वर्षं असं झालं की रांजी गुंतते. काका मला मुद्दाम हद्दीपलीकडची अशी एक रांजी दाखवायला घेऊन गेले. वाळके, मोडके, एकमेकांत अडकलेले बांबू, आत हात घालायला फट नाही, नवे कोंब वाकडेतिकडे वर निघायला धडपडणारे. ‘याले एक काडी लागली तं?’ काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघाले.

जंगल वाचवायचं म्हणजे त्याला हात लावू द्यायचा नाही, हे शहरात बसून म्हणायला छान वाटतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघितलं की प्रश्न जरा वेगळा मांडावा लागतो: हात कोणाचा, आणि त्या हातावर लक्ष कोणाचं? वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली या छोट्या गावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेव्हापासून बांबू तोडायचा कधी, किती, कुठल्या तुकड्यातला, विकायचा कोणाला, हे ग्रामसभा ठरवते. तोडणारेही गावचेच. त्यामुळे कडेचा कोवळा बांबू तोडणाऱ्याला संध्याकाळी आपल्याच चुलत्याला तोंड द्यावं लागतं. वनरक्षकाच्या शिट्टीपेक्षा या तोंड देण्याचा धाक मोठा असावा. जंगलाचा एक चांगला तुकडा तर गावानं अजिबात न तोडता राखून ठेवला आहे. तिथं आम्ही गेलो तेव्हा काकांनी कोयता बाहेरच एका झाडाला टेकवून ठेवला. नियम आहे का, असं विचारलं तर म्हणाले, ‘नाई. पण कशाला?’

पाचगावची मला सगळ्यात धाडसी वाटलेली गोष्ट मात्र बांबूची नाही, तेंदूची आहे. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्ता म्हणजे वर्षाची रोकड. मे महिन्याच्या उन्हात जेमतेम दोन-तीन आठवडे हंगाम चालतो, सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक गोणी, आणि संध्याकाळी फळीवर पुड्यांची मोजणी. शाळेची फी, लग्नाचं कर्ज, पावसाळ्याआधीचं बियाणं, सगळं त्यावर. ही पानं चांगली निघावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची खुटकटाई करतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच सुमारास जंगलाच्या तळाला आग लावून दिली जाते. आगीनंतर मुळांतून लुसलुशीत धुमारे फुटतात, पान मोठं आणि बिनडागाचं मिळतं. पाचगावनं हा धंदाच बंद केला. बांबूचं उत्पन्न होतं म्हणून हे जमलं, हे खरंच. पण हातात आलेली रोकड सोडणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. एका घरी ओसरीवर बसलो होतो, तिथल्या आजीनं हिशोब फार थोडक्यात सांगितला. पानं तोडली की टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, येत नाहीत. आता झाडं वाढतात, टेंभरं येतात, पोरं खातात, अस्वलं खातात. ‘अन् शेवटी बिडीच ना ते,’ असं वर आणि.

या आगीचं गणित समजून घेतल्याशिवाय हवामानबदल आणि जंगल यांचं नातं कळत नाही, म्हणून जरा थांबतो. इथलं जंगल पानगळीचं. फेब्रुवारीपासून पानं गळतात आणि मार्चअखेर जमिनीवर घोटाभर पाचोळा असतो. त्याला लागणारी आग शेंड्यापर्यंत चढत नाही, सरपटत जाते. मोठी झाडं बहुधा वाचतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटतच नाही. जळतात ती गुडघ्याएवढी रोपं, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं जंगल. शिवाय पाचोळा गेल्यानं जमीन उघडी पडते. जूनचा पहिला पाऊस थेट मातीवर आदळतो आणि ती घेऊन ओढ्यात जातो. पाणी मुरत नाही, ओल लवकर संपते, पुढचा उन्हाळा त्या जंगलाला आणखी कोरडा जातो आणि पुढची आग आणखी सहज लागते.

पूर्वीही आगी लागत होत्याच, मग आता एवढं काय, असं कोणी म्हणेल. फरक पावसाच्या वागण्यात पडला आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच वेळी मोसमी पावसाचं एकूण मान मात्र घसरत होतं. म्हणजे पाऊस कमी, पण पडतो तेव्हा एकदम. अशा पावसात जळून उघडी पडलेली टेकडी आणि पाचोळ्यानं झाकलेली टेकडी यांच्यात फार मोठं अंतर पडतं. रिमझिम पावसात ते कदाचित लक्षातही आलं नसतं.

पाचगावहून निघून आष्टीला वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्ह्यात शिरलो. जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त भूभागावर जंगल आहे, हा आकडा आपण शाळेपासून ऐकतो. रस्त्यानं जाताना तो खरा वाटायला लागतो. आलापल्लीच्या वाटेवर मात्र काही मैल झाडांचा रंगच निराळा. सूरजागडच्या लोहखनिजाच्या गाड्या या रस्त्यानं जातात. पळसाचं फूल लाल आणि पळसाचं खोडही लाल. त्या लाल धुळीविषयी लिहायचं तर तो निराळा, मोठा आणि कडू लेख होईल.

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना ‘वनवैभव’ लागतं. सहा हेक्टरांचा तुकडा, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या इंग्रजी नावानं जास्त प्रसिद्ध. २०१४ साली तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. लोक येतात ते सागवान बघायला, आणि सागवान आहेच बघण्यासारखं: मान मागं टाकून टोपी पडली तरी शेंडा दिसत नाही. पण थोडा वेळ तिथं रेंगाळलं, म्हणजे फोटो काढून झाल्यावरही थांबलं, तर सागाच्या आजूबाजूचं दिसायला लागतं. ऐन, बीजा, बेहडा, वेली, पडलेल्या खोडावर उगवलेली बुरशी, कवडशात धरून ठेवलेली रोपं, आणि प्रत्येकाचं वय वेगळं. एखादं झाड उन्मळून पडलं की वरच्या भोकातून ऊन खाली येतं आणि वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच राहिलेलं एखादं रोप तरारून उठतं. मोठी झाडं बघून पर्यटक भारावतात. जंगलाच्या माणसाला मात्र अशा ठिकाणी आधी बारकी पोरं आहेत का ते बघायची सवय असते.

परतीच्या वाटेवर रोपवन लागलं. इथंही सागवानच. रांगेत, सारख्या अंतरावर, एका वयाचं, एका जाडीचं. वन विकास महामंडळाची स्थापना १९७४ ची; त्या काळात मिश्र जंगल काढून त्याजागी सागाची लागवड करणं हा विकास समजला जाई, आणि लाकडाच्या बाजारभावात मोजलं तर तो होताही. पण सागाचं पान खाणाऱ्या दोन अळ्या आहेत. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळं पान फस्त करते, दुसरी पावसाळा सरताना पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवते. ऐन भाद्रपदात अख्खा डोंगर करपल्यासारखा तांबूस दिसतो तो या दुसरीमुळे. मिश्र जंगलात या अळीला एका सागावरून दुसऱ्या सागावर जाताना मध्ये दहा परकी झाडं आणि त्यांवर बसलेले पक्षी लागतात. रोपवनात तिच्यापुढे पंगत मांडलेली असते. एका जातीच्या झाडांची पानगळ एकदम होते, पाचोळा एकदम वाळतो आणि आगही त्यातून एकदमच जाते. मिश्र जंगलात कोणाची मुळं उथळ, कोणाची खोल; पळस फुलतो तेव्हा कुसुम पालवीच्या तयारीत असतो; एका सालात चारोळी बुडाली तर मोह हात देतो. तापमान आणि पाऊस यांचा भरवसा राहिलेला नाही, अशा काळात सगळे पैसे एका खात्यात ठेवणं शहाणपणाचं नाही, एवढं तर आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतं.

आणि आपलं राज्य काय करत होतं? २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत आधी दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि शेवटी तेहतीस कोटी झाडं लावण्याचे संकल्प झाले. खड्डे खणले गेले, मंत्र्यांचे फोटो निघाले. त्यातली काही जगलीही असतील. पण ज्या जिल्ह्यात जमिनीच्या पोटात मुळं जिवंत आहेत आणि फक्त चार वर्षं आग व कुऱ्हाड लांब ठेवली तर आपोआप जंगल उठतं, तिथंही खड्डे खणून बाहेरची रोपं आणून लावायची, याला आपल्याकडे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. राखण करण्यात उद्घाटनाला जागा नसते, ही त्यातली अडचण असावी.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर, धानोरा येण्याच्या थोडं आधी, लेखा आणि त्याला लागून मेंढा. शंभराच्या आसपास घरांचं गोंडांचं गाव, जवळून कठाणी नदी. गावाच्या तोंडाशी ती प्रसिद्ध पाटी आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीत तेच ‘मावा नाटे मावा राज’. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आदिवासींनी लढा दिला, त्यातून इथल्या विचाराला धार आली. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्या बरोबरीनं अभ्यास करत राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल ही नावं महाराष्ट्राला माहीत आहेत. पण मेंढ्याची खरी भानगड, चांगल्या अर्थानं, ही की इथं ग्रामसभेत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत झालं तर निर्णय, एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला. शहरी माणसाला हे ऐकून घाम फुटतो. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंग याप्रमाणे ठरवायचा तर टाकी गंजून जाईल.

२००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जिल्ह्यातल्याच मर्दा या गावालाही त्याच वेळी. देशातली ही अगदी पहिली उदाहरणं. हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो द्यायचा कोणी यावर घोडं अडलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होतं. २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. एकच बांबू एका कपाटात झाड आणि दुसऱ्या कपाटात गवत. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. जुन्या कायद्यातली ती व्याख्या बदलायला त्यानंतर २०१७ उजाडलं. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. पण कागद मिळणं आणि जंगल सांभाळायला जमणं यांत बरंच अंतर आहे. मेंढ्याला ते जमलं कारण कागद येण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीपासून ते सांभाळतच होते.

सांभाळतात कसं, ते बघायला एका तरुणाबरोबर जंगलात फिरलो. उतारावर ठिकठिकाणी दगडी बांध घातलेले. काही इतके जुने की वरच्या बाजूला माती भरून त्यात झाडं उभी राहिली आहेत. मोह, चार, आवळा अशी फळाफुलांची झाडं तोडायची नाहीत. सरपण घरापुरतं. आग्या मोहोळाचं तंत्र तर ऐकण्यासारखं आहे. पूर्वी पेटता टेंभा घेऊन झाडावर चढायचं, माश्या जाळायच्या, सबंध पोळं पिळायचं. टेंभ्याची एखादी ठिणगी खाली पाचोळ्यात पडली की झालं. वर्ध्याच्या मधमाशी-अभ्यासकांकडून शिकून इथले लोक आता अंगभर पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापतात, पिल्लांचा भाग तसाच ठेवतात. माश्या त्याच पोळ्यावर पुन्हा मध भरतात. मध स्वच्छ, माशी जिवंत, जंगलात आग नाही. माशी जिवंत राहिली म्हणजे मोहाला, चारोळीला फळ धरायचं कामही चालू राहिलं. त्या तरुणाला हे सगळं सांगताना विशेष काही वाटत नव्हतं. त्याचं लक्ष ढगांकडे होतं.

ढगांचं कारण दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. मोहाचं फूल रात्री पिकतं आणि उजाडण्याच्या सुमाराला टपटपायला लागतं. अंधारातच टोपल्या घेऊन बाया निघाल्या होत्या, त्यांच्या मागोमाग मीही. हवेत तो गोड, आंबूस, डोक्यात जाणारा वास. प्रत्येक झाड कोणा ना कोणा घरचं, झाडाखालची जमीन आधीच लख्ख झाडलेली. हाच मोठा बदल आहे. झाडायला दोन तास लागतात, जाळायला एक काडी, म्हणून मोहाखाली पाचोळा पेटवून द्यायची रीत सगळ्या मध्य भारतात आहे, आणि वणव्यांच्या कारणांत ती पहिल्या काहींत मोजली जाते. इथं एका बाईंनी खराट्यानं पाचोळा ओढून लांब ढीग केला होता. दुसऱ्या एका झाडाखाली हिरवी जाळी बांधलेली होती, फुलं अलगद त्यात पडत होती. वाकायचं काम नाही, माती लागत नाही, आणि स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो. ‘जाळी सगळ्यांले नाई पुरत,’ बाई म्हणाल्या, ‘पण कंबरेले पुरते.’

थेंब पडायला लागले तसे सगळ्यांचे हात दुप्पट वेगानं चालू झाले. भिजलेलं फूल काळं पडतं, वाळत नाही, किडतं. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट आता नवलाची राहिलेली नाही, आणि तिचा पहिला फटका मोहाला बसतो. मी पावसाच्या आडोशाला बुंध्याशी उभा राहिलो आणि इकडेतिकडे बघताना एक गोष्ट खटकली: आजूबाजूला मोठे मोह किती तरी, पण कंबरेएवढा एकही नाही. विचारलं. बाईंनी हसून टोपली डोक्यावर घेतली आणि मला पन्नास पावलं चालवून एका काट्यांच्या कुंपणाशी नेलं. आत दोन वितींचं मोहाचं रोप. फूल वेचतो, पुढे तेलासाठी टोरी वेचतो, जी एखादी टोरी राहून उगवते ती आगीत नाही तर गुरांच्या तोंडात जाते. मग पोर कुठून येणार? आता काही घरांनी असं एक-एक रोप राखायला घेतलंय. त्याला फूल यायला आठ-दहा वर्षं तरी लागतील, भरघोस फुलायला त्याच्याही पुढे. त्या बाईंचं वय साठीच्या पुढचं असावं.

शेवटचा मुक्काम कोरची तालुक्यात होता. इथं गावागावांच्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे, तेंदू-बांबूचे सौदे त्या एकत्रित ताकदीवर करतात, आणि बैठकांत बायका मागे बसत नाहीत. त्यातल्याच एका गावात ग्रामसभा चालू होती. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण जे झालं ते भांडण होतं.

बांबूचा व्यापारी आला होता. भाव चांगला देत होता, अट एकच: यंदाच्या कूपाबरोबर पुढच्या वर्षीचा कूपही आत्ताच तोडायला द्या. जंगलाचे तुकडे पाडून दर वर्षी एकेक तुकडा तोडायचा, म्हणजे फिरून त्याच रांजीपर्यंत यायला तीन-चार वर्षं जातात आणि तेवढ्यात तिथला बांबू पिकतो, असा हिशोब असतो. पुढचा कूप आधीच घेतला तर त्यात कोवळं जाणार. हे सगळ्यांना कळत होतं. तरी एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, बहिणीला नर्सिंगला घातलंय, दुसरा हप्ता जूनमध्ये आहे, पुढच्या वर्षी हा भाव राहील का हे कोण सांगणार? पुढच्या वर्षी पाऊस कसा पडेल हे तरी कोण सांगणार? आज बांबू आहे, उद्या आग लागली तर तोही नाही.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. हवामानाचा भरवसा नाही म्हणून राखून ठेवा, असं आपण म्हणतो. त्याच कारणासाठी आत्ताच विकून टाका, असंही म्हणता येतं. बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याला राखणीचं तत्त्वज्ञान परवडतं, माझ्या घरचा हप्ता त्या कूपावर नाही. एका म्हाताऱ्यानं गोंडीत बराच वेळ काही सांगितलं. शेजारच्यानं मला त्याचा सारांश दिला: मागे बांबू फुलला होता, सगळा एकदम मेला, उंदीर माजले, वाळक्या रांज्यांनी आगी लागल्या, तेव्हा जिथं नवीन रोप राखलं तिथंच पुन्हा बांबू आला. हा बांबू साधारण चाळीसेक वर्षांनी फुलून मरतो. म्हाताऱ्यानं एका आयुष्यात ते एकदा पाहिलेलं, म्हणून त्याला सगळे ऐकून घेत होते. मग एक बाई उठली. तिनं बांबूचा विषयच सोडला आणि विचारलं, मागच्या वर्षी जाळरेषा झाडायला सात जण होते, यंदा तिघंच आहेत, ग्रामसभेच्या खात्यातून त्यांची मजुरी का निघत नाही? जंगल जळालं तर कूप कोणता आणि भाव कोणता? यावर सचिव आणि खजिनदार एकमेकांकडे बघू लागले. पुढचा अर्धा तास वह्या चाळण्यात गेला.

निघालं ते असं: आग राखणाऱ्यांची मजुरी आठवड्याच्या आत द्यायची, माणसं पुन्हा सात करायची. मुलीचा हप्ता ग्रामसभेच्या निधीतून उसना द्यायचा का, यावर दोघांचा विरोध, म्हणून तो विषय पुढच्या बैठकीला. आणि पुढच्या कूपाबाबत, जो मुलगा विकायचं म्हणत होता तो, तो म्हातारा आणि दोन बाया असे चौघं गुरुवारी प्रत्यक्ष जाऊन रांज्या बघणार, पिकलेला बांबू खरोखर किती आहे ते मोजून आणणार. तोवर व्यापाऱ्याला होकार नाही आणि नकारही नाही.

व्यापारी वैतागला होता, पण त्यालाही सवय असावी. जीपमध्ये बसला, गाडी सुरू केली, मग काच खाली करून विचारलं, ‘म्हणजे शुक्रवारी येऊ ना?’

‘या की,’ सचिव म्हणाले. ‘कोयतेवाले मात्र आणू नका.’